माझी वाचा आणि फिलोमिना

देवाने माझ्याकडून नेमकी तीच गोष्ट का काढून घेतली, हा प्रश्न मी जवळजवळ तीन महिने मनात धरून बसले होते. हात घ्यायचा होता तर घ्यावा, पाय घ्यायचा होता तर घ्यावा. पण माझी वाचा? आमच्या समुद्रकाठच्या लहानशा चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला बायबलमधलं पहिलं वाचन मी सत्तावीस वर्षं केलं. शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळे मला टीचरच म्हणतात. शनिवारी संध्याकाळी मी रविवारचा उतारा तीनदा मोठ्याने वाचायची. माझे यजमान अंगणातून म्हणायचे, "देवाक आयकाक येता गो, जरा हळू वाच." मी हसायची, पण आवाज कमी करायची नाही. मला तो आवाज फार आवडायचा. देवाचा शब्द मी वाचते असं म्हणायची, आणि ऐकायची मात्र स्वतःलाच, हे आज मी लिहू शकते. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं.

फिलोमिनाबद्दल आधी सांगायला हवं. ती आमच्याच वाडीतली, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकणारी. लहानपणी तिला शाळा मिळाली नाही. नवरा गेल्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर, ती लेकीकडून वाचायला शिकली. पुढे एका वर्षी फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, मिस्साला एक वाचन आपल्याला मिळावं असं तिने फादरना विचारलं, आणि फादरनी तिला सरावासाठी माझ्याकडे पाठवलं. चर्चमध्ये कॉयरची मुलं गाणी बसवत होती, बायका फुलं लावत होत्या. फिलोमिना माईकपुढे उभी राहून बोट ठेवून ठेवून वाचू लागली. प्राणला प्रान म्हणाली. "देव म्हणाला" असं लिहिलेलं असताना "देव म्हणालो" म्हणाली. कॉयरमधली दोन मुलं हसली. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "फिलोमिना, हा देवाचा शब्द आहे, मासळीची पाटी नाही."

तिने कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि "बरां, टीचर" एवढंच म्हणून निघून गेली. त्या दिवसापासून ती दारापाशच्या अगदी शेवटच्या बाकावर बसू लागली. सहा वर्षं. रस्त्यात भेटलो तर मान हलवायची. आमच्या घरी मात्र मासे दुसरीकडूनच येऊ लागले. मला ते लागलं नाही असं नाही. पण मी बरोबरच होते अशी स्वतःची समजूत घालायला मला कधी फार वेळ लागला नाही.

ऑगस्टमधला रविवार होता. होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या, त्यामुळे चर्चमध्ये पुरुष कमी होते. मी वाचायला उभी राहिले. अक्षरं स्पष्ट दिसत होती, अर्थही कळत होता, पण तोंडातून भलतंच काही बाहेर येत होतं. मला वाटलं, माईक बिघडला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पुन्हा तेच. पुढच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कुणीतरी खुणेने चष्मा पुसायला सांगितलं. फादर थांबून वाट बघत राहिले, जसं कुणीही थांबेल. आणि मागून सपातांचा फटफट आवाज आला. फिलोमिना मधल्या वाटेने धावत येत होती.

"फादर, मिस्सा रवांदे! टीचरचा तोंड बघा, वाकडा झाला! गाडी काढा कोणीतरी, आत्ताच्या आत्ता!"

मी पडायच्या आधी तिने मला धरलं. तिच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत होता, तेवढं मला नक्की आठवतं. चर्चसमोरच्या दुकानदाराने व्हॅन काढली आणि तासाभरात मी दवाखान्यात होते. डॉक्टर माझ्या यजमानांना म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, पण वेळेवर आणलंत. पुढे कळलं की फिलोमिनाच्या नवऱ्याचंही असंच झालं होतं. तो दमलाय असं समजून त्यांनी त्याला साखरपाणी दिलं आणि निजवलं. तो परत बोललाच नाही. म्हणून त्या रविवारी साऱ्या चर्चमध्ये माझ्या तोंडाचा अर्थ एकट्या तिला कळला.

मी घरी आले ती उजवा हात अर्धवट आणि वाचा पूर्ण गमावून. सगळं समजत होतं. मनात वाक्यं तयार असायची, व्याकरणासकट. पण ओठांपर्यंत येईतो शब्द कुठेतरी हरवायचा आणि नुसता आवाज निघायचा, गुरासारखा. लोकांनी फार माया केली. वाडीतल्या बायकांनी आपापसात वार ठरवून घेतले, कुणाकडून पेज, कुणाकडून भाकरी. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी रंगीत कागदांवर प्रार्थना लिहून पाठवल्या. शेजारच्या सावंतवहिनी आपल्या गणपतीपुढचा नारळ घेऊन आल्या आणि माझ्या उशाशी बसून रडल्या. मी सगळ्यांकडे पाहून मान हलवायची. आतून मात्र मी दगड झाले होते. एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादर घरी प्रभुभोजन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन आले. यजमानांनी मेजावर पांढरं कापड घालून मेणबत्ती लावली होती. फादर जवळ आले आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. यजमानांनी मेणबत्ती विझवली आणि ते फादरना अंगणाबाहेरपर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली, "टीचर आसत काय?" जणू मी कुठे जाणार होते! फिलोमिना पाटी घेऊन थेट पडवीत आली आणि माझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. विचारपूस नाही, प्रार्थना नाही. तिने पाटीवरचं केळीचं पान बाजूला केलं, एक मासा शेपटीला धरून वर उचलला आणि विचारलं, "ह्या काय?"

मी बघत राहिले. "सांगा, ह्या काय?" मी तोंड उघडलं, गुरगुरले आणि रागाने तोंड फिरवलं. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली. "बरां. उद्या येतंय." आणि खरोखरच आली. रोज आली. पहिल्या आठवड्यात मला तिची चीड आली. वाटलं, सूड घेते आहे. मी हिला वाचायला शिकवलं नाही, आता ही मला बोलायला शिकवते आहे आणि वाडी बघते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती फक्त मासा धरून वाट बघायची, आणि तिला वाट बघता यायची. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं त्यात अशी वाट मी कुणाची पाहिली नव्हती.

बाराव्या का तेराव्या दिवशी तिने मासा उचलला आणि माझ्या तोंडातून आलं, "बांगडो."

यजमान आतून धावत आले. फिलोमिनाने मासा पाटीत टाकला आणि दोन्ही हातांनी माझे गाल धरले. "बोललस गो! बोललस!" त्या दिवशी ती मला "तुमी" म्हणायची विसरली, ती आजतागायत. मी हसत होते आणि रडत होते. माझ्या लक्षात आलं होतं की मी बांगडा म्हटलं नाही. शाळेची, पुस्तकांची, माईकपुढची माझी भाषा अजून बंदच होती. आधी परत आली ती आईच्या चुलीपाशी बोललेली, जिच्यासाठी मी वर्गात मुलांना टोकायची ती. पुढे आणखी माशांची नावं आली, तारली, पेडवे, मग पाणी आलं, मग यजमानांचं नाव. पण दोन शब्द जोडून वाक्य काही होईना.

नोव्हेंबरात सायबीण आमच्या घरी यायची पाळी आली. मरियामातेची ती लहान मूर्ती दरवर्षी वाडीत घरोघर फिरते, एका घरी एक दिवस, आणि संध्याकाळी सगळी वाडी त्या घरी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जमते. मी मानेनेच नको म्हटलं. घरभर माणसं येऊन आपल्याकडे बघतील, ही कल्पना मला सहन होत नव्हती. यजमान म्हणाले, "तुझ्यासाठी नाय, ती आपल्या वेळार येतली. तिका दार कसा बंद करूचा?" शेवटी मी मानेनेच हो म्हटलं.

त्या संध्याकाळी पडवी भरली, अंगणही भरलं. मेजावर अबोली आणि झेंडूची फुलं, मध्ये मूर्ती. मी खुर्चीत, हातात जपमाळ नुसती धरलेली. फिलोमिना माझ्या पायापाशी बसली होती. तेर्स सुरू झाला, कोंकणीतच, लहानपणी आई म्हणायची तसा. एक बाजू अर्धी प्रार्थना म्हणते, दुसरी बाजू उरलेली पूर्ण करते, आणि ती लय पाण्यासारखी पुढे मागे होत राहते. मी डोळे मिटले. बोलायचा प्रयत्न मी करत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी थकले होते. मनात म्हटलं, माते, तुला हवं ते कर, मी आता भांडत नाही. मग पुष्कळ वेळाने मला जाणवलं की फिलोमिना वळून माझ्याकडे बघते आहे. तिचे ओठ थांबले होते. माझे चालू होते. "नमान मोरिये" पासून शेवटच्या "आमेन"पर्यंत, सगळे शब्द, एकही न हरवता, माझ्याच आवाजात.

कुणी ओरडलं नाही. हळूहळू सगळ्यांना कळलं, पण कुणी तेर्स थांबवला नाही. उलट माझ्या आवाजाभोवती त्यांनी आपले आवाज आणखी जवळ आणले, असं मला वाटलं. यजमान दाराच्या चौकटीला धरून उभे होते. शेवटचं गाणंही मी सगळ्यांबरोबर म्हटलं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं, पाठ असलेल्या प्रार्थना आणि गाणी मेंदूत वेगळ्या जागी असतात. त्यांचं बरोबरच असेल. मी त्यावर वाद घालत नाही. त्या संध्याकाळी त्या जागेचं दार कुणी उघडलं, एवढं मात्र माझं मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले आणि प्रभुभोजन घेतलं. पण माझ्या मनात एक वाक्य अडकून होतं, आणि ते कुठल्याही प्रार्थनेत नव्हतं. ते मला एकटीने बनवायचं होतं. पंधरा दिवस मी न्हाणीघरात, परसात, माडाखाली सराव केला. मग एका सकाळी फिलोमिनाने पाटी खाली ठेवताच मी म्हटलं, "मी... चुकलंय. तेव्हा." त्याला बराच वेळ लागला. तिने वाट बघितली.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "राग इललो गो. खूप राग इललो. तुझ्या दारावरसून जावक नको वाटा." पाटीवरचं पान सारखं करत म्हणाली, "मगे त्या दिवशी तुझा तोंड बघलंय आणि माका माझो घोव दिसलो. राग खंय गेलो, माका कळलाच नाय."

मी फादरना चिठ्ठी लिहिली, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, की नाताळाचं वाचन फिलोमिनाला द्या. फादर आनंदाने तिच्याकडे गेले. तिने सरळ नाही म्हटलं. मला म्हणाली, "माका आता नको गो. तेव्हा व्हया होता. आता माझी जागा मागे बरी आसा, थंय वारो येता." मी रडवेली झाले. मला वाटलं होतं, माझी चूक मीच दुरुस्त करीन, आणि सगळे बघतील. तिने तेही माझ्या हातात ठेवलं नाही. मी मोडलेलं मी जोडायचं नव्हतं. ते कधीच जोडून झालं होतं, माझ्या परवानगीशिवाय.

आता नाताळाचं आणि रविवारचं वाचन शाळेतली एक तरुण शिक्षिका करते, छान करते. मी शेवटच्या बाकावर फिलोमिनाजवळ बसते. तिथे तान्ही मुलं रडतात, उशिरा आलेले खलाशी ओल्या केसांनी चोरट्यासारखे आत शिरतात, कुणीतरी मिस्साच्या मध्येच आज बाजारात काय मिळालं ते विचारतं. इतकी वर्षं मी पुढून या माणसांना बघितलं होतं, पण ती प्रार्थना कशी करतात हे मला ठाऊक नव्हतं. एकटी बोलायला गेले तर मी आजही अडखळते, चार शब्दांनंतर पाचवा सापडत नाही. सगळे एकदम म्हणू लागले की माझे शब्द आपोआप निघतात, अखंड. माझा आवाज मला परत मिळाला, पण माझा एकटीचा म्हणून नाही. त्याला आता इतरांचा आधार लागतो. आधी मला याचं दुःख वाटायचं. आता रविवारी घंटा झाली की मी फिलोमिनाच्या दंडाला धरून उठते, आणि पहिला शब्द कुणीतरी उच्चारेपर्यंत शांतपणे थांबते. त्या थांबण्यासाठी मी देवाची ऋणी आहे.