बटनमामांची तयारी

बटनमामांच्या घरात भिंती गादीवर झोपत आणि माणसं फरशीवर. हे मी वाढवून सांगत नाही. बारावीनंतर कॉलेजसाठी मी अकोल्याला मामांकडे राहायला गेले, तेव्हा पोचवायला बाबा सोबत होते. समोरच्या खोलीचं दार उघडलं आणि आम्ही दोघंही उंबऱ्यातच थांबलो. चारी भिंतींना खालून वरपर्यंत कापसाच्या गाद्या खिळ्यांनी ठोकलेल्या. खिडकीलाही गादी. आणि मधोमध नुसत्या मशीनच मशीन. काही पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, काही नुसत्या बटनांच्या, काही नुसत्या दिव्यांच्या, एकीवर एक रचत छतापर्यंत गेलेल्या. त्यांच्यातून आडव्या अंगानं एक माणूस जाईल एवढीच वाट. आमच्या मोर्शीकडच्या गावातल्या सगळ्या घरांची बटनं गोळा केली असती तरी त्या एका खोलीइतकी भरली नसती.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "भाऊ, हे दुकान हाय का घर?"

"दोनी नाई भाऊजी," मामा म्हणाले. "हे तयारी हाय."

"कायची तयारी?"

मामांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. आत मामी कणीक मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. "हिच्या गाण्याची," मामा म्हणाले.

बाबांना गाण्याचं काही कळलं नाही, पण मशीनखालच्या लाकडी पेट्या त्यांनी बरोबर ओळखल्या. दरवर्षी ते मामांकडे आपल्या बागेची संत्री पाठवत. मामा संत्री कॉलनीत वाटून टाकत आणि पेट्या ठेवून घेत. बाबांना वाचता येत नाही, पण आपल्या पेटीवरची लाल खूण त्यांना अंधारातही कळते. "म्हंजे याले माहाही हात लागला म्हना," ते म्हणाले आणि तिथल्याच एका पेटीवर बसायला गेले. ती पेटी नव्हती, स्पीकर होता. मामांनी त्यांना हाताला धरून उठवलं, अगदी नम्रपणे, पण उठवलंच.

मामा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होते. मूलबाळ नव्हतं. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. अकोटकडच्या एका लग्नात हळदीची गाणी म्हणणारी एक मुलगी त्यांनी ऐकली, तिच्याशीच लग्न केलं आणि पहिल्याच आठवड्यात तिला शब्द दिला की तुझं गाणं मी स्वतः रेकॉर्ड करीन. मामी सांगायची, "मले वाटलं होतं, महिन्याभरात होईल." तेव्हापासून तयारी सुरू होती. बटनमामा हे नाव कॉलनीनं दिलं. मामांना त्यात काही वावगं वाटत नसे. पार्सलवाला पत्ता शोधत आला की ते स्वतःच गच्चीवरून ओरडायचे, "बटनवाला मीच हावो."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण ती पदवी मी त्या मशीनांमधल्या वाटेत सतरंजी टाकून मिळवली आहे. उशाला ड्रम वाजवणारी मशीन आणि पायाशी वायरींचं वेटोळं. झोपेत कूस बदलली की कशावर तरी दिवा लागायचा.

लग्नांत डीजे आला आणि वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या एकेक करून बंद पडल्या. एखादी पार्टी बंद पडल्याचं कानावर आलं की मामा सुतकाला भेटायला जावं तसे तिथे जात. चहा घेत, मालकाचं दुःख ऐकून घेत आणि येताना मशीन घेऊन येत. एकदा परतवाड्याला मीही सोबत होते. तिथून घेतलेला सिंथेसायझर एवढा लांब होता की बसमध्ये ठेवायला जागा नाही. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मामांनी त्याचं पूर्ण तिकीट काढलं, त्याला आमच्या सीटवर खिडकीशी आडवा बसवला, आपण कडेला टेकले आणि मी अकोल्यापर्यंत उभी. शेजारच्या सीटवरच्या एका आजीला ते पाहवेना.

"काहून बाबू, पोरीले उभं ठेवतं आन् पेटीले बसवतं?"

"आजी, पोरगी कॉलेजात हाय. तिले उभं राहाता येते," मामा म्हणाले.

मला राग यायला हवा होता. मी इतकी अवाक् झाले होते की तो आलाच नाही.

पण खरा धक्का मे महिन्यात बसला. अकोल्याचं ऊन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना काही सांगायला नको. दुपारी नळाचं पाणी हाताला चटके देतं. घरात कूलर एकच, आणि तो मशीनांच्या खोलीत. मामी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पोळ्या लाटायची आणि तिकडे बटनांना वाळ्याचा थंडगार वारा. मी सख्खी भाची, शिवाय तोंडाची फटकळ. सरळ विचारलं, "मामा, माणसं भाजून राहिली आन् मशीनीले कूलर?"

मामांनी शांतपणे उत्तर दिलं. "माणसाले घाम येते, म्हणून थो वाचते. यायले घाम येत नाई बाई. या सीध्या मरतात."

"आन् मी मेली त?" मामी आतून म्हणाली.

"तू मरत नाईस. तुह्यं गाणं बाकी हाय."

मामीचा त्या मशीनांवर राग होता, पण दसऱ्याला ती तो बाजूला ठेवायची. आमच्याकडे त्या दिवशी वखर-तिफण, विळे, अगदी सायकलसुद्धा पुसून हळद-कुंकू लावतात. मामीचं म्हणणं, "वस्तू सवतीची असली तरी दसऱ्याले बिनपूजेची ठेवू नये." पहिल्या वर्षी मी पाहिलं ते असं: पूजेला शोभा यावी म्हणून मामांनी सगळ्या मशीन चालू करून ठेवलेल्या, खोलीभर लाल-हिरवे दिवे. मामीनं प्रत्येकीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला आणि घरभर शिंपडतात तसं त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. मामांनी हात जोडून डोळे मिटलेले. एका कोपऱ्यातून चर्रर्र आवाज आला आणि जळक्या वायरीचा वास सुटला. परतवाड्याहून आणलेला, माझी सीट खाल्लेला तोच सिंथेसायझर. मी भिंतीच्या गादीला चिकटून उभी राहिले. आता घरात काय होतं नि काय नाही, असं मला झालं.

मामांनी डोळे उघडले, बटन बंद केलं, वास घेतला. "एकीले परसाद सोसला नाई," एवढंच म्हणाले. ती मशीन पुन्हा कधी बोलली नाही. मामांनी ती विकली नाही, टाकली नाही. तिच्या सरकत्या बटनांच्या फटीत गेलेलं कुंकूसुद्धा काढलं नाही.

एवढं सगळं होतं, फक्त गाणं नव्हतं. विचारलं की एकच उत्तर: "अजून एक वस्तू आली का झालं." एकदा मामी स्वतःहून त्या खोलीत माइकसमोर उभी राहिली. मामांनी दार लावलं. तिनं एक ओळ म्हटली आणि थांबली. मामी महिला मंडळात खंजिरीवर भजनं म्हणायची. तिचा आवाज एवढा वरचा की मागच्या गल्लीतल्या बायांना कळायचं, मंडळ बसलं म्हणून.

"इथं नाई जमत," ती म्हणाली. "तोंडातून निंगला का मरते आवाज. भिंतीवर आपटून वापस आला पाह्यजे, तवा मले पुढची ओळ येते."

मामांनी ऐकून घेतलं आणि आवाज परत आल्यासारखा भासवणारी आणखी एक मशीन मागवली.

मी शेवटच्या वर्षाला असताना मामीच्या गळ्याला गाठ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला भीती नाही, पण ऑपरेशन करावं लागेल. आवाज आहे तसा राहील की बदलेल, ते आधी सांगता येत नाही. परतताना मूर्तिजापूरला बस थांबली, मामांनी तिघांना चहा आणला आणि मामीच्या हातात कप देत म्हणाले, "सुमन, आता वस्तू नाई आनत."

डॉक्टरांच्या बोलण्यानं बसला नव्हता एवढा धक्का मला त्या वाक्यानं बसला. म्हणजे गोष्ट खरंच गंभीर होती.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत मामांनी सगळ्या मशीन अंगणात काढल्या. सगळ्या. आधी घरातल्या खाटा आल्या, मग शेजाऱ्यांच्या. त्यांवर जुनी लुगडी अंथरली आणि कुरडया-पापड वाळत घालावेत तशा त्या मशीन ओळीनं मांडल्या. अंगण भरलं, गेट उघडलं, अर्धा रस्ता भरला. कॉलनीनं आजवर नुसती पार्सलं पाहिली होती. आता लोक गच्च्यांवर येऊन पाहू लागले. कोणी हसलं नाही. समोरचे निवृत्त मास्तर चष्मा पुसून एवढंच म्हणाले, "एका माणसाचं हाय हे?" मामांच्या घरातली वीज पुरेना. मग एकेका घरातून एकेक वायर आली, कोणाच्या खिडकीतून, कोणाच्या कुंपणावरून, आणि मशीनांचे दिवे लागले.

मंडळाच्या बाया गोल बसल्या. मामीनं खंजिरी घेतली. मामांनी माइक लावला, त्याची वायर एका छोट्या मशीनला जोडली आणि मान हलवली. मी पाहत राहिले. एक माइक, एक मशीन. बाकीच्यांना माइकची एकही वायर जोडलेली नव्हती, नुसत्या चालू होत्या.

"मामा," मी हळूच विचारलं, "मंग बाकीच्या कायले काढल्या?"

"आयकाले," मामा म्हणाले. "इतके वर्सं वाट पाहून राहिल्या. त्यायले नाई आयकू द्यायचं का?"

मामी गायली. आवाज समोरच्या घरांच्या भिंतींवर आपटत होता, परत येत होता, आणि तिला पुढची ओळ येत होती. एका खाटेवर कुंकू लागलेली ती मुकी मशीनही होती, बिनदिव्याची. तिलाही आणलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला नाही, पण पहिला राहिला नाही. जाड, खालचा, एखाद्या पुरुषानं दुखऱ्या घशानं बोलावं तसा. घरी आल्यावर मामांनी अंगणातलं रेकॉर्डिंग लावलं. दोन ओळी झाल्या आणि मामीनं हात वर केला.

"बंद करा. थे बाई गेली."

त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं. दूधवाल्याला बोटांनी सांगायची, मंडळातल्या बाया आल्या की आत जाऊन बसायची. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मामा काहीच करत नव्हते. याच माणसानं तिच्यासाठी घर भरलं होतं का, असं माझ्या मनात यायला लागलं. एका दुपारी दारात पार्सलवाला उभा राहिला. मामीनं खोकं पाहिलं आणि कित्येक दिवसांनी तोंड उघडलं.

"तुमी त म्हनले होते, आता वस्तू नाई आनत."

"थे पयल्या आवाजाचं झालं," मामा खोकं फोडत म्हणाले. "हा आवाज नवा हाय. याले खालचं आयकणारा माइक लागते. आपल्याजवळ एक नाई."

एवढ्या घरभर वस्तूंमध्ये नेमकी हीच नव्हती. मी मामीकडे पाहिलं. ती खोक्याकडे पाहत होती. मग उठली, स्वयंपाकघराच्या फळीवरून लोणच्याच्या बरण्या खाली उतरवल्या आणि म्हणाली, "इथं ठेवा. तिथं जागा कुठं हाय."

आठेक दिवसांनी मी कॉलेजातून आले तर समोरच्या खोलीचं दार आतून लावलेलं. मी कान लावला, काही ऐकू आलं नाही. गाद्याच होत्या ना. थोड्या वेळानं मामांनी दार उघडलं. मामी नव्या माइकसमोर स्टुलावर बसली होती. कपाळावर घाम होता आणि चेहरा मोकळा.

"इथून आवाज भाईर जात नाई," ती मला म्हणाली. "इथं बरं हाय."

ज्या खोलीत तिचा पहिला आवाज मरत होता, त्याच खोलीत हा दुसरा जगला. ती रोज दुपारी आत जायची, मामा दार लावून घ्यायचे. मंडळात ती पुन्हा जायला लागली ती पुष्कळ नंतर, आणि तेव्हा खालच्या पट्टीत गायला लागली.

मला अमरावतीला नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात मामा वारले. ऑफिसातून आले, पंप लावून टाकी भरत होते आणि तिथेच बसले. तेराव्याला नातेवाइकांनी मशीनांचं काय करायचं ते ठरवूनही टाकलं होतं. मामीनं सगळ्यांना जेवू घातलं आणि खोलीला कुलूप लावलं.

परवा मे महिन्यात मी अकोल्याला गेले. मामी स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, डोक्यावर ओला टॉवेल, हातात पुठ्ठ्याचा पंखा. समोरच्या खोलीतून कूलरची घरघर येत होती. मी दार ढकललं. गाद्या तशाच, बाबांच्या संत्र्याच्या पेट्या तशाच, सगळ्या मशीनांवर धुतलेल्या लुगड्यांचे तुकडे पांघरलेले. आणि सगळा वारा त्यांच्यावर.

मी चाट पडले. "मामी, आता त कूलर इकडे घे. ओढू दे मले."

"राहू दे," मामी तिच्या त्या खालच्या आवाजात म्हणाली. "आपल्याले घाम येते. त्यायले काय येते?"

कूलरमधलं पाणी तळाला गेलं होतं. मी बादली उचलली आणि नळाखाली लावली.