महत्त्वाचं, पण तातडीचं नाही

जळगावला एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरी करत असताना मालकांनी मला कामाच्या नियोजनाचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं. परतलो तो गुरू होऊनच. टेबलामागच्या फळ्यावर चार चौकोन आखले आणि कुणी काम सांगितलं की आधी विचारू लागलो, हे तातडीचं की महत्त्वाचं? हळूहळू ड्रायव्हर, हमाल, अकाउंटंट, सगळेच मला टाळायला लागले. मला वाटलं, ऑफिसला शिस्त लागली.

त्याच सुमारास पारोळ्याहून वडिलांचा फोन आला. धुळ्याला एक मुलगी आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, रविवारी बघायला जायचं. "पोर बठ्ठासले पसंत शे. तू फक्त ये," म्हणाले. म्हणजे मी सोडून सगळ्यांना मुलगी पसंत होती. मी 'महत्त्वाचं, पण तातडीचं नाही' या चौकोनात लिहिलं, 'लग्न'. तो रविवार तूरडाळीच्या पिशवीवरच्या लेबलचा रंग ठरवण्यात गेला. पुढच्या रविवारी प्रिंटर बिघडला. त्यानंतरच्या रविवारी काय होतं ते आता आठवतही नाही, पण तातडीचं होतं एवढं नक्की.

मग एका दुपारी मी टेबलाखाली शिरून प्रिंटरची वायर चाचपत असताना अकाउंटंट म्हणाला, कुणी बाई भेटायला आल्यात. बाहेर आलो तर एक मुलगी समोर बसून फळा वाचत होती. मावशीबरोबर सोनं घ्यायला ती धुळ्याहून आली होती. मावशीचं दुकानात लवकर आटोपेना, तेवढ्यात मलाच बघून जावं म्हटलं, असं तिने शांतपणे सांगितलं. मग फळ्याकडे पाहत विचारलं, "हे लग्न माझ्याशीच ना?"

मी मान हलवली. केसांत जळमटं, हातात वायर. चहासुद्धा अकाउंटंटनेच मागवला.

ती निघाली तेव्हा मी चाचरत विचारलं, रविवारी येऊ का. या म्हणाली. गेलो, पोहे खाल्ले, आणि उठताना मीच उत्तराचं विचारलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "तुम्हाला घाई नाही ना?"

तिने दीड-दोन महिने विचार केला. तेवढ्या काळात माझ्या हातून एक काम धड झालं नाही. फोन वाजला की दचकायचो. शेवटी एका सकाळी होकार आला, पण तो वडिलांना. त्यांनी तो मला संध्याकाळी कळवला, शेतातला वेचलेला कापूस घरात आणून टाकल्यावर.