सातव्या प्रश्नाचं मिनिट

गिरजाबाई हटवार यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण जगातली सगळ्यात खोल सागरी गर्ता कुठे आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. नागपूरला त्या उभ्या आयुष्यात सहा-सात वेळा गेल्या असतील, पण मंगोलियाची राजधानी विचारा, वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर हजर. आणि हे ज्ञान त्यांनी मिळवलं कुठून, तर भज्यांच्या कागदातून. मी थट्टा करत नाही. बाजारातून काहीही बांधून आलं की त्या आधी पुडी सोडायच्या, वस्तू बाजूला ठेवायच्या आणि कागद वाचून काढायच्या. अर्धी बातमी, फाटकं कोडं, कोणाच्या तरी भूगोलाच्या पुस्तकाचं पान. वाचून झालं की पुसून, सरळ करून गादीखाली ठेवायच्या. फेकवत नाही म्हणायच्या, कोणी तरी एवढं लिहिलेलं असतं.

त्या आठवी पास होत्या. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका. निम्मी वर्षं जुन्या गावात आणि निम्मी नव्या गावठाणात, कारण मधल्या काळात गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी आलं आणि जुनं गाव त्याखाली गेलं. पवनीकडच्या नव्या गावठाणात सगळे रस्ते सरळ, सगळे प्लॉट सारखे. इथे वाट चुकायची सोयच नाही, अशी त्यांची तक्रार असायची. नवरा त्याआधीच गेलेला. मुलगा कैलाश नागपूरला एका कंपनीत मशीनवर. म्हणजे घरात त्या, गादीखालचे कागद आणि निवृत्त होताना मिळालेला तो मोबाइल.

आता मी. धनंजय भुरे. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरला होतो. माझ्या स्टोअरमधून सहीशिवाय एक बोल्ट हलला नाही, आणि हे मी अभिमानाने सांगत आलो. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, रस्त्याच्या पलीकडे घर बांधलं, आणि लॉकडाऊनमध्ये डोकं गंजू नये म्हणून व्हॉट्सअॅपवर ‘चौकस मंडळ’ नावाचा ग्रुप काढला. दर रविवारी दुपारी चार वाजता दहा प्रश्न. बक्षीस काही नाही. मागच्या रविवारी जो जिंकला, त्याने या रविवारी प्रश्न मांडायचे. बघता बघता तुमसर, लाखनी, साकोली, पवनीकडचे एकतीस जण झाले. आसगावचे टेकचंद गुरुजी त्यातलेच, आणि गिरजाबाईंना ग्रुपमध्ये आणलं ते त्यांनीच.

खेळ मैत्रीचा, पण नियम माझे. उत्तराला एक मिनिट. प्रश्न मांडणाऱ्याने उत्तराबरोबर पुराव्याचा फोटो टाकायचा, नाहीतर प्रश्न रद्द. चार ते साडेचार उत्तराशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आणि त्या अर्ध्या तासात कोणीही कोणाला फोन करायचा नाही. केला तर एक गुण वजा. हा शेवटचा नियम टेकचंद गुरुजींमुळे आला, कारण ते पुण्याच्या भाच्याला फोनवर विचारून उत्तरं द्यायचे आणि वर साळसूदपणे ‘अंदाज लावला’ म्हणायचे. लोक मला हसायचे, हेडमास्तर म्हणायचे. मला ते आवडायचं.

गिरजाबाई एकही नियम मोडत नसत. पुरावा म्हणून त्या तेलाचे डाग पडलेल्या कागदाचा फोटो टाकत, उत्तराखाली पेन्सिलची रेघ मारून. एकदाच त्यांचा प्रश्न मी रद्द केला. त्यांनी विचारलं होतं, आमच्या जुन्या गावच्या विहिरीला पायऱ्या किती? कोणालाच येईना. मिनिट संपल्यावर त्यांनीच लिहिलं, तेवीस. मी पुरावा मागितला. त्यांनी लिहिलं, “पुरावा पाण्याखाली हाय भाऊ.” सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मी मात्र ‘प्रश्न रद्द’ असं लिहिलं, आणि त्यांनी अंगठा दाखवून ते मान्य केलं. आज तो अंगठा आठवला की मला माझीच लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. धानाची कापणी जोरात, गावंच्या गावं बांध्यांवर गेलेली. त्या रविवारी प्रश्न माझे होते. सातवा प्रश्न मी बरोबर चार चौदाला टाकला: विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती? लगेच तीन-चार जण अॅमेझॉन म्हणाले, दोघे नाईल. मी खुशीत होतो, कारण प्रश्न फसवा होता. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर गिरजाबाईंचं नाव. मी कापला. माझ्या डोक्यात एकच आलं: गिरजाबाई, तुम्हीसुद्धा? प्रश्न मांडणाऱ्यालाच फोन? पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग मिनिट संपायला काही सेकंद असताना ग्रुपवर त्यांचं उत्तर आलं. काँगो.

बरोबर होतं. एकट्या त्यांचंच बरोबर होतं. मी माझ्या वहीत लिहिलं: प्रश्न सात, गिरजाबाई, अधिक एक. आणि त्याखाली: फोन दोनदा, वजा एक. चारचौघांत त्यांना बोलायला नको, उद्या फोन करून सुनावू, असा मोठेपणाही केला. आठ, नऊ, दहा या प्रश्नांना त्यांचं उत्तर आलं नाही. फोन कापला म्हणून फुगल्या असतील, असं वाटलं. मी चहा प्यायलो.

दिवस मावळताना शेजारच्या शकुनबाई शेतातून परत आल्या, तेव्हा गिरजाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि अंग गार पडलं होतं. हृदयविकाराचा झटका. त्या दुपारी त्यांच्या गल्लीत एक माणूस नव्हता, सगळे कापणीला. डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचल्या असत्या तर काही करता आलं असतं. हे मला टेकचंद गुरुजींनी फोनवर सांगितलं. गुरुजींचं घर गिरजाबाईंच्या घरापासून तीन किलोमीटरवर. मोटारसायकल दारात. चार चौदाला ते फोन हातात धरून बसले होते आणि चुकीचं उत्तर लिहीत होते, अॅमेझॉन. त्या मिनिटाला आमच्या जिल्ह्यात तीस माणसं फोन हातात घेऊन जागी बसली होती, आणि माझ्या एका शब्दावर त्यातलं कोणीही उठून पळालं असतं.

तेराव्याला मी गेलो. कैलाश माझ्यासारख्याच बुटक्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला गादीखालचे कागद दाखवले, दोन पोती भरून. आई तुमचं नाव लय घ्यायची म्हणाला. जेवणं झाली, हात धुताना तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच विचारलं, “त्या दिवशी मायचा फोन गिन आला होता का जी तुमाले?”

मी म्हणालो, नाही.

विचार करून म्हणालो असतो तर मी स्वतःला निदान खोटारडा म्हणू शकलो असतो. पण ते आपोआप निघालं, प्रश्न संपायच्या आत, गिरजाबाईंच्या मंगोलियासारखं. कैलाशने मान हलवली आणि माझ्या हातावर सुपारी ठेवली. परतीच्या एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. आईचा फोन त्याच्याकडे होता. त्यात माझं नाव दोनदा, चार चौदाला. आमच्या खेळात प्रश्न मांडणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. मी सगळ्या जिल्ह्याला पुरावा मागत फिरलो, आणि त्या पोराने पुरावा खिशात ठेवून मला एक संधी दिली होती.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. फोनची धून मी बदलली, मग आवाजच बंद केला. बायको विचारायची, लोकांचे फोन कसे कळतील? कळू नयेत म्हणूनच, हे तिला सांगता येईना. रविवारी चार वाजले की माझा तळहात आपोआप मिटायचा. आणि एक गोष्ट तर मी कोणाला सांगितलीच नाही. ग्रुपवर आपला मेसेज कोणी कोणी वाचला, त्यांची नावं दिसतात. गिरजाबाईंचा नंबर काढून टाकायचं कोणालाच सुचलं नव्हतं, आणि मला धीर होत नव्हता. एका रविवारी माझ्या उत्तराखालची ती यादी सहज उघडली, तर वाचलेल्यांत त्यांचं नाव होतं. फोटो तोच, अंगणवाडीच्या दारात उभ्या, कपाळावर हात धरून उन्हाकडे बघणाऱ्या. पुढच्या रविवारीही होतं. त्याच्या पुढच्याही. कैलाशच वाचत असणार, हे मला कळत होतं. कळूनही मी यादी झटकन बंद करायचो. आठवडाभर तो नंबर बंद, आणि रविवारी चारला बरोबर जागा. एक अक्षर न लिहिता माझी दहाही उत्तरं वाचायचा.

मी प्रश्न मांडणं सोडलं. जिंकायची वेळ आली की मुद्दाम चूक उत्तर द्यायचो. भुरे सर म्हातारे झाले, असं टेकचंद गुरुजी चिडवायचे. मला घरात बसून एकच कोडं सुटत नव्हतं. छातीत एवढी कळ असताना त्यांनी ‘काँगो’ का लिहिलं? ‘या’ का नाही लिहिलं, ‘वाचवा’ का नाही? एखाद्या वेळी वाटायचं, सवयीने लिहिलं, येत होतं म्हणून. दुसऱ्या वेळी वाटायचं, फोन मी कापला, आता हा माणूस फक्त उत्तरच वाचेल, म्हणून उत्तर पाठवलं. आपण आहोत, एवढं तरी कळावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिसरं. उत्तराशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा माझा नियम त्यांनी शेवटच्या मिनिटालाही पाळला असेल. यातलं खरं कोणतं, त्याचा पुरावा आता पाण्याखाली.

वर्ष झालं. पुन्हा कापणी आली. नेमका तोच रविवार, आणि प्रश्नांची पाळी टेकचंद गुरुजींची. मी त्यांना सकाळी फोन करून पाळी मागून घेतली. त्यांना आनंद झाला, हेडमास्तर परत आले म्हणाले.

चार वाजता सुरू केलं. सहा प्रश्न नेहमीचे, डोंगर, राजधान्या, पक्षी. चार चौदाला सातवा टाकला. दुपारपासून तो लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा होता: गेल्या वर्षी कापणीच्या याच रविवारी, चार वाजून चौदा मिनिटांनी गिरजाबाई हटवार यांनी मदतीसाठी दोनदा फोन केला. तो दोन्ही वेळा कोणी कापला?

एरवी पाच सेकंदांत उत्तरं धडकतात. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होतो. वीस सेकंद. तीस. मग पडद्यावर वरच्या बाजूला उमटलं, गिरजाबाई लिहीत आहेत. मला माहीत होतं तो कोण आहे.

उत्तर आलं: धनंजय भुरे.

मी लिहिलं, बरोबर. मग नियमाप्रमाणे पुरावा टाकला. वहीच्या त्या पानाचा फोटो. अधिक एक. त्याखाली, फोन दोनदा, वजा एक. वाचलेल्यांच्या यादीत एकेक नाव येत गेलं. आठवा प्रश्न मी टाकलाच नाही.

हातातला फोन थरथरला. पडद्यावर गिरजाबाईंचं नाव, कपाळावर हात धरलेला तो फोटो. चार सोळा झाले होते, खेळाची वेळ संपलेली नव्हती. मी पहिल्याच थरथरीला घेतला.

पलीकडे लांबून मळणीच्या मशीनचा आवाज येत होता, म्हणजे तो गावातच होता, त्याच ओसरीवर बसला असेल. मग कैलाश म्हणाला, “आज उचलला भाऊ तुमी.”

मी रडलो. त्याने ते ऐकून घेतलं, समजूत काढली नाही. माफ केलं म्हणाला नाही, मीही मागितलं नाही. माझं थांबल्यावर एवढंच म्हणाला, “वर्षभर दर महिन्याले याच्यात रिचार्ज मारत होतो मी, तुमी सांगाल म्हणून. आता मारत नाही.”

फोन त्याने ठेवला.

पुढच्या रविवारी टेकचंद गुरुजींनी प्रश्न मांडले. ग्रुप मी बंद करायला निघालो होतो, त्यांनी करू दिला नाही. फोनचा नियम मात्र काढून टाकला. पहिल्या प्रश्नाला उत्तर टाकलं आणि मी वाचलेल्यांची यादी उघडली. गिरजाबाईंचं नाव नव्हतं. मला वाटलं होतं, ज्या दिवशी ते नाव दिसणार नाही, त्या दिवशी मी सुटेन. मी यादी पुन्हा उघडली, वरून खालपर्यंत एकेक नाव वाचलं, आणि मग माझ्या प्रत्येक उत्तरानंतर उघडत राहिलो.