मांजरपाटावरचं जपान

सत्तर साली जपानात ओसाकाला जगभरच्या देशांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि पुढच्या जानेवारीत ते सोलापूरच्या गड्ड्यावर आलं. आणलं मी. मांजरपाटाच्या कापडावर, सरस घालून कालवलेल्या रंगांनी, दहा बाय आठ फुटांत.

गड्ड्याच्या जत्रेत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटोचा तंबू असायचा. मागचा पडदा ठरलेला: ताजमहाल. त्याच्या एका मिनाराला उंदरानं भोक पाडलं होतं. मी तेव्हा ड्रॉइंग टीचरचा कोर्स करत होते. वाचनालयातल्या एका मासिकात ओसाकाची चित्रं पाहिली आणि मी वेडीच झाले. एक इमारत नुसत्या हवा भरलेल्या नळ्यांची, एकाला एक लोड टेकवून ठेवावेत तशी. आणि एक भलामोठा पांढरा मनोरा, दोन्ही हात पसरलेला, पोटावर एक तोंड, शेंड्यावर दुसरं. इमारतीला तोंड असू शकतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या सरांच्या मते इमारतीला फक्त पर्स्पेक्टिव्ह असायचं.

"हे काय बुजगावणं काढलंस?" अण्णा म्हणाले. "आन् येवढं रंग कशाला नासलंस? फोटो काळापांढराच येणार की." पण ताजमहालाच्या भोकातून पलीकडचा भज्यांचा गाडा दिसायला लागला होता, म्हणून माझा पडदा टांगला गेला.

पहिल्याच दिवशी वळसंगचं एक अख्खं कुटुंब आलं. त्यांच्या आजींनी पडद्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"कुटला देव म्हनायचा ह्यो?"

अण्णा गडबडले. "जपानचा."

आजींनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. त्यांचं बघून मागची रांगही अनवाणी झाली. त्या जत्रेतले आमचे फोटो बाहेर काढून बघा, माणसं नव्या कपड्यांत आणि बिनचपलेची आहेत. मी हसून हसून बेजार झाले.

मग कुणीतरी विचारलं, पडदा कुठला? अण्णा म्हणाले, "मुंबैवरनं मागवलाय." मी शेजारीच उभी होते. पुढे जो विचारेल त्याला मुंबई. घरी मी भांडले, तर म्हणाले, "पोरीनं काढलाय म्हटलं की लोक नाक मुरडत्यात." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मला काही कौतुक नको होतं. खोटं कशाला सांगू, हवंच होतं. त्यांच्याच तोंडून, चारचौघांत.

उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं बघायला लागले. उजेड तपासायला म्हणून अण्णांनी त्या पडद्यापुढे माझा एक फोटो काढला होता. तोच बरा आला म्हणून स्थळांना धाडला. वैरागहून लगेच पाहुणे आले. आडतीचं दुकान, मुलगा बी. कॉम. आई नुसती हरखली होती. पोहे पुढे आले तसे मुलाचे चुलते अदबीनं म्हणाले, "आमच्यात कुणी मुंबैच्या फुडं गेलं न्हाय. फोटोत मागं ते पेपरातलं जपान दिसतंय. तुमची पोरगी तितं किती दिवस व्हती?"

आईनं अण्णांकडे पाहिलं. गप्प बसा, असं ते पाहणं होतं. गप्प बसणं सोपंही होतं, आणि मनात मी म्हटलं, ज्यांनी पडदा मुंबईचा केला ते आता मला जपानची करणार.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "गेली न्हाय, पावनं. त्यो पडदा हाय. आमच्या पोरीनं काढलाय." तेवढ्यावर थांबतील तर शपथ. आत जाऊन गुंडाळी घेऊन आले आणि पाहुण्यांच्या पुढ्यात अंथरायला लागले. पाहुण्यांनी पाय वर घेतले. "ह्या नळ्या बगा. सावली कशी घेतलीया बगा. हात लावा की!"

"म्हंजे गेलीच न्हाय?" चुलते म्हणाले.

"न्हाय की," अण्णा खुशीत म्हणाले. "हितंच बसून केलंय सगळं."

पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. आई आत भांडी आपटत होती. अण्णा गुडघे टेकून एका बाजूनं पडदा गुंडाळत होते, दुसरं टोक माझ्या हातात होतं, आणि माझे डोळे वाहायला लागले.

"रडू नगं," ते घाबरून म्हणाले. "दुसरं स्थळ येईल. ह्याच्यापेक्षा चांगलं येईल."

स्थळ हातचं गेलं म्हणून मी रडतेय अशा समजुतीनं ते माझी समजूत घालत राहिले, आणि मी ती बराच वेळ घालू दिली.