डिक्कीतलं बारावं कॅरेट

या पानावर लोक लिहितात... कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाला रस्त्यात कोणी हात दाखवला. मी वाचते आणि पान उलटते. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं आयुष्य संत्र्याच्या बगीच्यात. राखणीला एकटी झोपले आहे, साप मारले आहेत, मयताला आंघोळ घातली आहे. मला कोणी दिसलं नाही. आता जे लिहिते त्यातही बाई नाही, सावली नाही, आवाज नाही. एक गाडी आहे आणि तिची डिक्की.

आमचं गाव सौसर तालुक्यात, मोहगावच्या थोडं पुढे. घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या, मी आणि माझी धाकटी जाऊ शांता. दोघींचे नवरे गेले. मला एक मुलगा, मनोज. शांताला मूल नाही, असं म्हणायचं. मी दिवसभर बगीच्यात असायची आणि ती घरात, त्यामुळे मनोज तिच्याच मांडीवर मोठा झाला. मोठा झाल्यावरही दारातून आत आला की पहिली हाक ‘काकू’. मी समोर बसलेली असले तरी. माझ्या पोटात जळतं. आधीही जळायचं, आताही जळतं. या वयात लपवून काय करायचं.

मनोजचं पांढुर्ण्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बायको-मुलं तिथेच. यंदा त्याने घराच्या मागच्या बाजूला एक खोली काढली आणि आमच्यापुढे येऊन बसला.

“तुमच्यातल्या एकीनं माह्याकडे यायचं,” तो म्हणाला. “दुसरीले बगीच्यापाशी राहावंच लागन. कोण येते ते तुमी ठरवा.”

‘आई, तू चल’ असं तो म्हणाला नाही. ‘एकीनं’ म्हणाला. तो शब्द मी अजून विसरले नाही. मी चहा ठेवायला उठले. शांता वाटाणे सोलत राहिली. पण मला त्या खोलीत जायचं होतं. पोटच्या पोरापाशी, आणि तेही शांताला सोडून.

त्याच सुमारास मनोजला गाडी घ्यायची होती. नवी नाही, वापरलेली. सौसरला एक रेडिमेड कपडेवाला होता, आठवडी बाजार करणारा. त्याची उंच, आखूड, चौकोनी तोंडाची एसयूव्ही विकायची होती. त्याने ती स्वतःच्या सोयीने बदलून घेतली होती. मागची सीट पूर्ण काढून टाकलेली, तिथे प्लायवूड आणि वर पत्रा ठोकलेला, दोन्ही बाजूंना कपडे लटकवायचे लोखंडी रॉड, टपावर कॅरियर. म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक सीट. बाकी सगळी डिक्कीच.

मी मनोजला म्हटलं, मी पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. आणि जाताना घरचे बारा रिकामे कॅरेट सोबत घेतले. संत्रा भरतो ते प्लास्टिकचे. आमच्याकडे कोणतीही वस्तू मोठी की लहान ते कॅरेटवरच कळतं. खोली पाहिली तरी आम्ही मनात कॅरेट लावतो.

“मावशी, फूट-इंच सांगतो ना मी,” कपडेवाला हसला.

“इंच तुमच्यापाशी ठेवा. संत्रा इंचात जात नाही.”

मनोजला लाज वाटत होती. तो इंजिनाकडे जाऊन उभा राहिला. मी एकटीने कॅरेट लावले. खाली सहा, वर सहा. बारा बसले, दार लागलं, वर एक बोट जागा उरली. मी म्हटलं, घे. कपडेवाल्याला एवढंच विचारलं, “गाडीत कोणी मेलंगिलं तर नाही?”

“नाही मावशी. दोनदा पंक्चर झाली, बस. मोठी गाडी घेतली म्हणून विकून राहिलो.”

गाडीत माणसं कुठे बसतील याचा विचार मी केला नाही. माल बसला, गाडी चांगली. ही चूक आमच्यासारखे लोकच करतात.

गाडी दारात आली. शांताने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि मनोजने पुढच्या सीटचं दार उघडलं आणि म्हणाला, “काकू, बस. एक चक्कर मारून आणतो.”

काकू बसली. मी निंबाखाली उभी होते, हातात नारळाच्या करवंट्या. गाडी मी निवडली, कॅरेट मी उचलले, आणि फिरायला काकू. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला सोपं पडलं असेल... मला काय त्याचं.

आता खरी गोष्ट.

आमचा बगीचा विहिरीवरून दोन भागांत वाटलेला आहे. अलीकडची झाडं माझी, पलीकडची शांताची. माल वेगळा तोडतो, पांढुर्ण्याच्या मंडीत वेगळ्या नावाने जातो. ओळख म्हणून माझ्या कॅरेटला लाल फीत, तिच्या कॅरेटला हिरवी. कॅरेट मात्र एकाच दुकानातले, एकाच मापाचे.

मृग बहाराचा माल तोडायला आला होता. पहिल्या खेपेला माझा माल. मी स्वतः भरायला उभी राहिले. खाली सहा लावले, वर पाच, आणि बारावं बसेना. कड बाहेर, चार बोटं. दार लागत नव्हतं. मी सगळे उतरवले, पुन्हा लावले. तेच. शेवटी बारावं टपावर बांधलं.

दुसऱ्या खेपेला शांताचा माल. तिला उचलवत नाही, म्हणून तिचे कॅरेटही मीच भरले. बाराच्या बारा गेले. दार लागलं, वर एक बोट जागा उरली. सौसरला उरली होती तशीच.

मला वाटलं, माझे कॅरेट कुठे फुगले असतील. उन्हाने प्लास्टिक वाकतं. पुढच्या खेपेला मी माझा माल तिच्या हिरव्या फितीच्या कॅरेटमध्ये भरला. अकरा. तिचा माल माझ्या लाल कॅरेटमध्ये भरला. बारा. फळ दोन्हीकडे सारखंच... उलट माझं थोडं बारीक.

मनोजला सांगितलं. तो म्हणाला, “आई, तू आडवे लावत असशील.” त्याने स्वतः लावले. माझे बारा, तिचे बारा. मग टेप आणला, डिक्की मोजली. मी भरायच्या आधी, आणि अकरा भरून बारावं बाहेर राहिल्यावर. माप तेच.

“मंग हे काऊन नाही बसत?” मी विचारलं.

“थकली तू आता,” तो म्हणाला.

थकली. अंगात तेवढी ताकद आहे की अकरा उचलावे आणि बाराव्याला थकावं, असं कुठे असतं का.

त्यानंतर मी कोणाला सांगितलं नाही. पण रोज बघायची. मी माझं भरलं की अकरा. मी शांताचं भरलं की बारा. एके दिवशी वैतागून मी ओट्यावरूनच म्हटलं, जाऊ दे, हे सगळं शांतालाच देऊन टाकते, तिच्याच नावावर विका. खरंच देऊन टाकलं. उचललं आणि लावलं... बारा बसले.

तेव्हा मला भीती वाटली नाही. राग आला. पोराच्या तोंडी काकू, पुढच्या सीटवर काकू, आणि आता हे लोखंडही काकूचंच. गाडीलाही माझ्यासाठी जागा नाही, तर त्या खोलीत जाऊन मी काय करू. मनोज आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, “काकूले घेऊन जा. मी इथं राहीन.”

तो आत वळून म्हणाला, “काकू, बाहेर ये जरा.”

शांता दाराशी आली.

“आता आईसमोर सांग, काल फोनवर तू मले काय म्हटलं.”

शांता पदराला हात पुसत राहिली. “बाईले घेऊन जाय म्हटलं.” ती मला बाई म्हणते.

“काऊन?” मी विचारलं.

“असंच.”

“असंच कायले म्हणन कोणी? सांग ना व.”

“तुमाले हसू येईन, बाई.”

“मी कधी हसली का?”

मनोज मध्येच बोलला. त्याचा आवाज चढला होता. “दोघी मले सांगून राहिल्या का दुसरीले ने. कोणालेच यायचं नाही का माह्याकडे? खोली काय मी कबुतरं पाळाले बांधली?”

मग शांताने सांगितलं. मी बगीच्यात असताना मंडीच्या दोन-तीन खेपा तिने भरल्या होत्या. गड्याला उचलायला लावून, पण कॅरेट कुठे लावायचं ते तिने स्वतः दाखवून. तिचा माल असला की अकरा. माझा माल असला की बारा. तिलाही वाटलं, गाडी बाईंची आहे. पोरगा बाईंचा, बगीचा बाईंनी राखला, गाडी बाईंनी निवडली. आपण कशाला मध्ये.

“तुमचे कॅरेट कसे आरामात बसत, बाई,” ती म्हणाली. “मले असं जळे ना...”

मी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, तिला माझं काही जळत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं.

पण दुसरंही झालं. गाडी तिच्या बाजूची नाही हे कळल्यावर मला पुन्हा जायचं होतं. आणि शांताचं तोंड बघून कळलं की तिलाही. मनोज चहा न घेता निघायला लागला.

“सीट एक, खोली एक,” तो म्हणाला. “जी बसन तिले नेतो.”

शांता चपला शोधायला आत गेली. मी अनवाणीच गेले आणि पुढच्या सीटवर बसले.

ती बाहेर आली, मला बसलेलं बघितलं. गड्याला हाक मारून तिने माझी लोखंडी पेटी काढायला लावली. मग गादी, मग गव्हाची गोणी, माझी पितळी घागर, पाटा-वरवंटा. ती एकेक दाखवत गेली, इथे लाव, तिथे सरकव. मी आरशातून बघत होते. सगळं गेलं. मी भरलं असतं तर पेटीच बाहेर राहिली असती. गोणीच्या वर एवढी जागा उरली होती की एक माणूस निजेल. शांताने त्या जागेत स्वतःचं लुगड्यांचं गाठोडं ठेवून बघितलं. छोटंसं, दोन हातांत मावणारं. ते बसलं नाही. दोनदा ठेवलं, दोनदा दाराला लागलं. मनोजने डोळ्यांनी पाहिलं. तो पुढे झाला तर ती म्हणाली, “राहू दे रे. भरलं.”

आणि तिने दार लावलं. “सावकाश जा, बाई. पाण्याची बाटली पायापाशी ठेवली.”

ती काहीच न करता घरात गेली असती, तर माझी पेटी मलाच भरावी लागली असती. ती तिथे उभी राहिली. हे मी लिहून ठेवते, कारण खरं आहे.

आता मी पांढुर्ण्याला असते. खोलीला खिडकी आहे, ऊन येतं. मनोज दुकानातून येतो आणि चपला काढता काढता विचारतो, “काकूचा फोन आला होता का?” मी म्हणते, आला होता. त्याची बायको हसते.

रविवारी तो गावाला जातो आणि माल आणतो. तिच्या मालाची खेप थेट मंडीत उतरते, माझ्या मालाची आधी दारात येते. मी खाली उतरून बघते. माझ्या झाडांचे, लाल फितीचे, शांताने भरलेले तेरा कॅरेट निघतात. बारा नाही, तेरा. टपावर काही नाही. पहिल्यांदा मला वाटलं मोजण्यात चुकले. मनोजलाही कळत नाही, तो आता टेप काढत नाही. “काकूनं लावले,” एवढंच म्हणतो.

तो पुन्हा गावाला निघाला की मंडीत रिकामे झालेले तेच कॅरेट मी तिच्यासाठी लावते. तिच्यासाठीच, मनातही तिच्यासाठीच. बारा बसतात. तेरावं घेते, आडवं करते, उभं करते, गुडघ्याने ढकलते. दार लागत नाही. ते मनोज टपावर बांधतो.

माझ्यासाठी ती तेरा बसवते. तिच्यासाठी माझ्याकडून बाराच बसतात. गाडीत काय आहे ते मला माहीत नाही. कपडेवाल्याला पुन्हा विचारलं, त्यालाही नाही. कोणाला कारण ठाऊक असेल तर लिहा. पण मला रात्रंदिवस खुपतं ते कारण नाही... ते एक कॅरेट.