समुद्रदेवीची दुसरी हनुवटी

रीजंट्स पार्क संपेपर्यंत माझे हात भरून आले. चौकट जवळजवळ माझ्या उंचीची, वरून तपकिरी कागदात गुंडाळलेली. बसच्या कंडक्टरने ती आत घेतली नाही, म्हणून आम्ही चालत निघालो होतो. पुढचं टोक टॅपलीबाईंकडे, मागचं माझ्याकडे. हॅम्पस्टेडची चढण अजून पुढेच होती.

टॅपलीबाई केंटिश टाउनला आमच्या वरच्या खोलीत राहत. ह्यांच्या नोकरीपायी मी लंडनला आले त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि बाराही वर्षं त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या डोक्यावर होता. लग्न केलेलं नाही. रविवारची प्रार्थना चुकवायच्या नाहीत. एका फोटोवाल्या मॅडमकडे बावीस वर्षं, फोटो ज्यावरून छापतात त्या काचेच्या प्लेटवर शिसपेन्सिल फिरवून त्यांनी बड्या घरच्या बायकांच्या सुरकुत्या घालवल्या होत्या. आता मॅडमनी रंगीत फोटो सुरू केले होते, आणि त्या बायकांना ग्रीक देवी व्हायची हौस आली होती. कुणी घुबड घेऊन बसे, कुणी सिंहाचं कातडं पांघरून.

आमच्या कागदातल्या फोटोत लेडी फेनरॉड समुद्रदेवी होत्या. खांद्यावर कोळ्याचं जाळं, केसांत शिंपले, हातात कोळंबीसारखा पण हातभर मोठा शेवंडा. कच्चा शेवंडा काळपट दिसतो म्हणून टॅपलीबाईंनी तो आदल्या दिवशी उकडून लाल करून आणला होता. देवीच्या हातात शिजलेलं जेवण कसं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "रंगाला पैसे पडतात, पोरी. रंग दिसायला नको?"

घोटाळा हनुवटीने केला. लेडींनी फोटो काढून निघताना टॅपलीबाईंच्या कानात सांगितलं होतं की खालची हनुवटी तेवढी घालवा. छापखान्यातून प्लेटा आल्या त्या तीन. तिन्ही करड्या, तिन्ही सारख्या. टॅपलीबाईंना वाटलं, एक कामाची आणि दोन फुटल्या-बिटल्या तर हाताशी. त्यांनी एकीवर पेन्सिल फिरवून हनुवटी घालवली आणि तिन्ही परत पाठवून दिल्या. एकेका रंगाला एकेक प्लेट लागते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हातची नेमकी लाल रंगाची होती. लाल गेला, निळा आणि पिवळा राहिले. फोटोत लेडींची पहिली हनुवटी गुलाबी आणि दुसरी गवतासारखी हिरवी.

नवा फोटो करायला दहा दिवस लागणार होते आणि मॅडमच्या ह्या देवींचं प्रदर्शन परवावर आलं होतं. मॅडमनी एवढंच सांगितलं की हॅम्पस्टेडला लेडींच्या घरी नेऊन दाखवा, त्यांनी हाच फोटो लावायला होकार दिला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून येऊ नका.

प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी आम्ही चौकट बाकाला टेकवली. टॅपलीबाईंनी पिशवीतून चरबी लावलेले पावाचे तुकडे काढले, मी शाकाहारी हे आठवून माझ्यापुढे पेपरमिंट धरलं. मग कागदाचा कोपरा उघडून बराच वेळ आत बघत बसल्या.

"शेवाळ म्हणून खपेल?"

"शेवाळ हनुवटीलाच कसं धरेल, बाई?"

"अगदी तोंडावर सांगतेस तू."

पंचावन्नाव्या वर्षी टॅपलीबाईंना दुसरीकडे कोण घेणार, हे दोघींनाही माहीत होतं. सकाळी पूजेला बसले तेव्हा त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलले होते, पण ते काही मी सांगितलं नाही.

त्यांनी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, मग लुगड्याकडे.

"तुमच्यात देवीचा रंग कुठला?"

मी सांगितलं की काळी असते, गोरी असते, आणि दक्षिणेत मदुरेला एक हिरवीही आहे.

"सगळी हिरवी?"

"सगळी."

"म्हणजे हनुवटीसकट." त्यांनी कागद नीट लावला, सुतळी आवळली आणि उठून आपलं टोक उचललं. पण पाऊल काही टाकलं नाही.

"लेडी कागद काढतील ना, तेव्हा तू पुढे हो आणि फोटोला हात जोड. तू रोज सकाळी जोडतेस तसे. दारातून पाहिलंय मी. हिरवी देवी असते हे लेडींना दिसू दे. तुला चालणार असेल तरच हं, तुझ्या देवापेक्षा माझी नोकरी मोठी नाही. पण जोडलेस तर मनापासून जोड. आणि काही झालं तरी हसू नकोस."