दोनशे चाळीसची पट्टी

त्याला सगळे नळवाला म्हणत. नळाशी त्याचा संबंध एवढाच, की नेटवर्क म्हणजे काय हे तो कुणालाही पाइप आणि पाणी सांगून समजावत असे. ऐकणारा मान डोलवे आणि पुन्हा तेच विचारी.

काम मोठं मानाचं. स्टुडिओत माणसं अंगावर ठिपके लावलेला घट्ट सूट घालून नाचत, कॅमेरे त्यांची हालचाल टिपत आणि शेजारच्या दालनात पडद्यावर एक बाहुली तशीच हले. रेकॉर्डिंगही त्या दालनातल्याच कॉम्प्युटरवर होई. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, तिकडे पाठवायच्या, हे नळवाल्याने ठरवायचं. कॅमेरे दोनशे चाळीस देत. नेटवर्क साठ सुखाने नेई. त्याहून जास्त कोंबल्या की वाटेतच गळती.

पण मालकांनी दोनशे चाळीसचे कॅमेरे घेतले होते, तेव्हा त्यांना दोनशे चाळीसच हव्या होत्या. नळवाल्याने एकदा समजावून पाहिलं, बोलणी खाल्ली, आणि शहाण्यासारखा वेग साठवर ठेवून पडद्याखाली '२४०' अशी पट्टी चिकटवली. पुढे सहा वर्षं मालक पाहुण्यांना सांगत, "बघा, फरक डोळ्यांना कळतो." त्यांच्या डोळ्यांना तो पट्टी लागल्यापासूनच कळू लागला होता. घरी बायकोला हे सांगताना नळवाला पोट धरून हसे.

त्याच्या आत्याने जन्मभर नाच शिकवला होता. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी दहा मिनिटं नाचायचं, एकदाच, एवढी परवानगी डॉक्टरांनी दिली. "तुझं नाचणं जपून ठेवतो गं," असं म्हणून नळवाल्यानेच तिला मनवलं होतं.

आत्या स्टुडिओत येणार होती, त्याच सकाळी नव्या मॅनेजरने सेटिंग उघडली आणि साठचा आकडा मालकांच्या कानी घातला. मालक तणतणत आले. "सहा वर्षं माझे कॅमेरे उपाशी ठेवलेत?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने दोनशे चाळीस टाकले. "आता हात लावाल तर नोकरी गेली समजा!"

आत्या नाचू लागली. पडद्यावर बाहुलीचा गुडघा एकीकडे, पाऊल भलतीकडे. मधेच ती थिजे, मधेच झटका खाऊन पुढे सरके. नळवाला बघत राहिला. नोकरीचा माणूस, दुसरं काय करणार?

"वय झालं हो बाईंचं," मालक जाणकारासारखे म्हणाले. "तोल जातोय."

मधलं दार उघडं होतं. आत्या थांबली, दारात आली. पडदा बघून तिचा चेहरा पडला.

"अशी दिसते होय मी? राहू दे बाबा, पुसून टाक."

"तुझा पाय ठीक आहे, आत्या! चूक आकड्याची आहे." मालकांच्या देखत नळवाल्याने वेग साठवर आणला. "आता नाच."

ती नाचली. बाहुली तिच्यासारखीच डौलात गिरकी घेत होती. सगळे बघत राहिले, मालकही. पण दहापैकी सात मिनिटं आधीच गेली होती. तीन मिनिटांत गुडघ्याने साथ सोडली आणि ती खाली बसली.

मालकांनी घसा साफ केला. "पट्टी मात्र असू द्या. संध्याकाळी पाहुणे आहेत."

नळवाल्याने तिचे ठिपके काढायला घेतले. आत्या धापा टाकत म्हणाली, "साठवरच नीट चालतं हे तुला ठाऊक होतं ना? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"

त्याने पट्टीकडे पाहिलं. सहा वर्षं आपण मालकांना गंडवलं म्हणून तो हसत आला होता. आत्याची सात मिनिटं त्या हसण्यात गेली होती.